सूनबाईला अफूचं इंजेक्शन दिलं का?

पत्र (थोडं आटोपशीर करून)

डॉक्टरताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. अकरा दिवसांपूर्वी सूनबाईचं सिझेरियन झालं. नववा नुकताच लागला होता, तोच बीपी १८०/११० वर गेलं आणि प्लेटलेट ४८,००० पर्यंत उतरल्या. कमरेत इंजेक्शन देता येणार नाही, पूर्ण भूल द्यावी लागेल, असं सांगून सह्या घेतल्या. मुलगी झाली, पण लगेच रडली नाही. लहान मुलांचे डॉक्टर आधीपासूनच आत उभे होते. त्यांनी मास्क लावून पंप केला, मग रडली. एक रात्र काचेत ठेवली. आता दोघी घरी आहेत.

माझा भाचा एम.आर. आहे, औषध कंपनीचा प्रतिनिधी. त्यानं फाईल पाहिली आणि म्हणाला, "मावशी, बाळ बाहेर यायच्या आधीच फेंटानिल दिलंय. हे अफूच्या जातीचं. नाळ कापल्याशिवाय द्यायचं नाही असा नियम आहे." तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. माझं माहेर जावऱ्याकडचं. शेतावर जाणाऱ्या बायका तान्ह्या पोरांना बोटाच्या टोकावर अफू चाटवून निजवायच्या. शेजारचं चार महिन्यांचं पोर तसं निजलं ते उठलंच नाही. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे.

म्हणून सूनबाईचं दूध मी बंद केलं, डब्याचं सुरू केलं. दुखण्याच्या गोळ्याही थांबवल्या, अंगात आणखी विष नको. मुलगा माझ्याशी बोलत नाही, सूनबाई रडत बसते. डॉक्टरांनी चूक केली का? मुलगी मंद होईल का, तिला चटक लागेल का? दूध किती दिवसांनी शुद्ध होईल? हॉस्पिटलवर तक्रार करावी का? फाईलचे फोटो सोबत पाठवते.

– एक आजी

उत्तर

ताई,

दुधाचं आधी सांगते, कारण बाकीचे प्रश्न थांबू शकतात, ते थांबू शकत नाही. हे वाचून झालं की मुलीला सूनबाईच्या अंगावर द्या. दूध अशुद्ध झालेलंच नव्हतं. फेंटानिल शिरेतून दिलं की एक-दोन मिनिटांत चढतं आणि एका डोसाचा अंमल अर्ध्या-एक तासात ओसरतो. दुधात उतरतं ते नगण्य, आणि तेवढंही बाळाच्या पोटातून रक्तात फारसं पोचत नाही. आई नीट शुद्धीवर आली, बाळाला धरू शकली, की पाजायला हरकत नसते. तुमच्या सूनबाईची ती वेळ ऑपरेशन झालं त्याच दिवशी आली होती.

आणि एक विचारते. दुखण्याच्या गोळ्या थांबवल्या असं लिहिलंत. बीपीच्या चालू आहेत ना? त्याही थांबल्या असतील तर पुढचं नंतर वाचा, आधी तिच्या डॉक्टरांना फोन लावा. लॅबेटेलॉल आणि निफेडिपिन पाजणाऱ्या बायकांना देतातच, त्यांची धास्ती नको.

आता तुमची भीती. ती मी बाजूला सारणार नाही. मीही इंदूरचीच, आयुष्यभर भूल देण्याचं काम केलं, आणि माळव्यातल्या माणसाला अफू पुस्तकात वाचावी लागत नाही हे मला ठाऊक आहे. रतलाम, मंदसौर, नीमचकडची परवान्याची शेतं, थंडी सरताना चिरा दिलेली बोंडं, त्यांतून पाझरणारा चीक, आणि नीमचचा सरकारी कारखाना, जिथे त्या अफूतून मॉर्फिनसारखी औषधं काढतात. तुमच्या शेजारचं ते पोर गेलं ते अफूनं मेंदूतल्या श्वासाच्या केंद्रालाच निजवलं म्हणून. श्वास हळू हळू विरळ होत गेला, आणि त्या वेळी त्याच्याकडे पाहणारं जवळ कुणी नव्हतं. तुम्ही लहानपणी जे पाहिलंत तेच आम्हाला भूलशास्त्राच्या पहिल्या वर्षी शिकवतात.

भाचा म्हणाला ते अर्धं बरोबर आहे. फेंटानिल बोंडातून निघत नाही. १९६० च्या सुमारास बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांनी ते प्रयोगशाळेत तयार केलं, पण मेंदूत ते मॉर्फिन जिथे बसतं तिथेच जाऊन बसतं. मॉर्फिनपेक्षा कितीतरी जहाल, म्हणून ते मायक्रोग्रॅममध्ये मोजायचं, म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. वेदना दाबणं आणि श्वास मंदावणं ही दोन्ही कामं ते करतं. त्यातलं पहिलं हवं असतं आणि दुसऱ्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवायचा असतो.

नियमाचंही त्यानं बरोबर सांगितलं. पूर्ण भूल देऊन सिझेरियन करायचं तर आम्ही आईला आधी निजवत नाही. ती जागी असतानाच पोट पुसून, कापडं टाकून तयार करतात, सर्जन चाकू घेऊन उभे राहतात, आणि आम्ही मास्कमधून ऑक्सिजन देत असतो. मग निजवणारं थायोपेंटोन किंवा प्रोपोफॉल, लगेच स्नायू ढिले करणारं औषध, गळ्याच्या कडीवर दाब आणि घशातून श्वासनलिकेत नळी. दिवस भरत आलेल्या बाईच्या पोटातलं अन्न-पाणी वर येऊन फुप्फुसात जाण्याची भीती असते, म्हणून हे सगळं एका दमात करायचं. नळी बसली की चाकू चालतो आणि काही मिनिटांत बाळ बाहेर. एवढी घाई अशासाठी की आईच्या रक्तात जे जाईल ते वारेतून बाळाकडे जातं. फेंटानिल चरबीत सहज विरघळतं, त्याला वार अडवू शकत नाही. म्हणून आमच्या पिढीला एकच शिकवलं होतं: नाळेला चिमटा लागेपर्यंत या औषधाला हात लावायचा नाही. चिमटा लागला की मग गर्भाशय आवळायला ऑक्सिटोसिन आणि वेदनेला फेंटानिल किंवा मॉर्फिन, दोन्ही चालू.

बाळासाठी हा नियम चांगला आहे. पण त्याची किंमत आई मोजते, आणि तुमच्या सूनबाईला ती परवडणारी नव्हती.

घशातून नळी घालणं हा शरीरावर मोठा आघात असतो. बाई बेशुद्ध असते, तिला कळत नाही, पण हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना कळतं. धडधाकट बाईचं बीपी त्या मिनिटात उसळतं आणि खाली येतं. जिचं आधीच १८०/११० आहे तिचं कुठवर जाईल याचा भरवसा नसतो. मेंदूतली एखादी रक्तवाहिनी फुटू शकते. शिवाय प्लेटलेट ४८,०००, म्हणजे फुटलं तर रक्त थांबायला मदत कमी. याच प्लेटलेटमुळे कमरेतलं इंजेक्शन टाळलं, कारण सुईच्या जागी रक्त साचलं तर मणक्यातल्या नसा दाबल्या जातात आणि पाय लुळे पडू शकतात. साधारणपणे ७०,००० च्या खाली आम्ही ती सुई घालायला कचरतो. अशा बाईला नळी घालण्याआधी तो आघात बोथट करायचा असतो. लॅबेटेलॉल असतं, मॅग्नेशियम असतं, आणि फेंटानिलच्या जातीची औषधं असतात. त्यातलं रेमिफेंटानिल रक्तातच काही मिनिटांत विरघळून जातं, बाळाच्या रक्तातसुद्धा, पण ते प्रत्येक हॉस्पिटलात नसतं.

हे मी पुस्तकावरून सांगत नाही. नव्वदच्या दशकात, माझी नोकरीची पहिली वर्षं, माळव्यातल्या एका लहान गावातलं हॉस्पिटल. बावीस वर्षांची मुलगी, बीपी चढलेलं, घरी झटके येऊन गेलेले. नियम माझ्या डोक्यात पक्का होता. आणि फेंटानिल कपाटात नव्हतंही. १९८५ च्या नार्कोटिक्स कायद्याखाली त्यासाठी इतके परवाने लागत की लहान हॉस्पिटलं त्या वाटेला जातच नसत. होतं ते पेंटाझोसिन, वेदनेवरचं दुसरं औषध, आणि त्यानं बीपी उलट वाढतं. मी नेहमीसारखी भूल दिली, नळी घातली. पारा २३० वर गेला. दोन-तीन मिनिटांनी मुलगा झाला आणि असा खणखणीत रडला की सिस्टरच्या चेहऱ्यावर हसू आलं. आई शुद्धीवर आली नाही. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तिसऱ्या दिवशी ती गेली. तिच्या सासूबाई बाळाला छातीशी धरून व्हरांड्यात बसल्या होत्या, ते मी विसरलेले नाही. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, मॉर्फिन, फेंटानिल अशी काही औषधं अत्यावश्यक म्हणून वेगळी काढली आणि परवान्याचा मार्ग सोपा केला. तो बदल कागदावर वाचला तेव्हा मला ती मुलगीच आठवली.

म्हणून ताई, तुमच्या फाईलमधली ती ओळ वाचून मला डॉक्टरांचा राग आला नाही. नियम काय आहे हे ठाऊक असूनही त्यांनी तो मोडला, आणि कुणासाठी मोडला हे दिसतं आहे.

पण मग बाळाचं काय? तुम्ही लिहिलंत की लहान मुलांचे डॉक्टर आधीपासूनच आत उभे होते. तुमच्या मनात आलं असेल की यांना आधीच माहीत होतं, म्हणजे यांनी जाणूनबुजून केलं. माहीत होतंच. नाळ कापण्याआधी हे औषध द्यायचं असेल तर बाळाच्या डॉक्टरांना आधी सांगायचं आणि पिशवी-मास्क हातात घेऊन त्यांना उभं करायचं, ही पहिली अट आहे. औषधानं बाळाला इजा होत नाही, ते श्वास घ्यायला आळसावतं. इजा होते ती ऑक्सिजन न मिळाल्यानं. कुणी तो श्वास पिशवीनं भरून दिला तर औषध उतरेपर्यंतचा वेळ निघून जातो. तुमच्या शेजारच्या पोराला मिळाला नाही तो पहारेकरी तुमच्या नातीला जन्माच्या आधीपासून मिळाला होता.

फोटोत ॲपगार लिहिला आहे: पहिल्या मिनिटाला ४, पाचव्याला ९. व्हर्जिनिया ॲपगार या स्वतः भूलतज्ज्ञ होत्या. बाळाचा रंग, नाडी, डिवचल्यावरची प्रतिक्रिया, स्नायूंची ताकद आणि श्वास यांना मिळून दहापैकी गुण देण्याची ही पद्धत त्यांनी १९५२ मध्ये मांडली. पाचव्या मिनिटाला ९ म्हणजे मुलगी पूर्ण सावरली होती. आणि ती सुस्त जन्मली याचा दोष एकट्या फेंटानिलवर टाकायला मी धजणार नाही. झटके येऊ नयेत म्हणून सूनबाईला मॅग्नेशियम चालू होतं, त्यानंही बाळ लुळं पडतं. निजवणारं औषध आणि भुलीचा वायू वारेतून गेलेच. बीपीच्या आजारात वारेचा रक्तपुरवठा मुळातच तोकडा असतो, आणि दिवसही पुरे भरले नव्हते. यातलं कुणी किती केलं हे वेगळं काढता येत नाही.

"उतारा असतो, तो का दिला नाही?" असंही भाचा विचारेल. नॅलोक्सोन नावाचा उतारा आहे. पण नवजात बाळासाठी पहिला उपाय श्वास देणं हाच, आणि तो लागू पडला की सुई टोचायचं कारण उरत नाही.

चटक लागत नाही. जी बाळं चटक घेऊन जन्मतात त्यांच्या आया दिवस राहिल्यापासून रोज ती वस्तू घेत असतात. एका डोसानं ते होत नाही. मंदपणाची शंका मनातून काढून टाका, तिला आधार नाही. लसीला न्याल तेव्हा नजर लावते का, हसते का, मान धरते का, हे डॉक्टर पाहतील. ते सगळ्याच बाळांचं पाहतात. फक्त घरात कुणाच्याही तोंडून "अफू दिलेलं बाळ" असा शब्द निघू देऊ नका. असे शब्द लग्नापर्यंत पाठ सोडत नाहीत, आणि हा तर खोटाच आहे.

सूनबाई रडते ते तुमच्यामुळेच असं धरून चालू नका, पण तिला एकदा शांतपणे जवळ घेऊन तीन गोष्टी विचारा. झोप लागण्याआधीचं शेवटचं काय आठवतं? जाग आल्यावरचं पहिलं काय आठवतं? आणि मधलं काही? पूर्ण भुलीच्या सिझेरियनमध्ये क्वचित बायकांना मधलं आठवतं, कुणाचे आवाज, पोटात ओढल्यासारखं. ब्रिटन आणि आयर्लंडच्या भूलतज्ज्ञांनी २०१४ मध्ये अशा तक्रारींचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्या ऑपरेशनांत मिळून साधारण १९,००० पूर्ण भुलींमागे एक तक्रार होती, सिझेरियनमध्ये मात्र ६७० मागे एक. बाळाला जपायचं म्हणून सुरुवातीला सगळं हातचं राखून देतात, अफूच्या जातीचं औषध तर देतच नाहीत, आणि भुलीचा वायू पुरता मुरण्याआधी चाकू चालतो. बाळ निघाल्यावर वायू कमीच ठेवावा लागतो, कारण त्यानं गर्भाशय सैल पडून रक्त जातं. सूनबाईला आधी फेंटानिल मिळालं होतं, त्यामुळे निदान तो चिरा तिच्या शरीराला कमी टोचला असेल. तरी ती काही सांगत असेल तर ऐकून घ्या, "भास झाला असेल" म्हणू नका, आणि ते भूलतज्ज्ञांच्या कानावर घाला. आणखी आठवड्याभरानंतरही रडू थांबलं नाही, झोप नाही, बाळाकडे लक्ष नाही असं दिसलं, तर डॉक्टरांना दाखवा. बाळंतिणीच्या मनाच्या आजारावर पाजताना चालतील अशी औषधं आहेत.

तक्रारीचं म्हणाल तर आधी भूलतज्ज्ञांना भेटायची वेळ मागा. सूनबाईला, मुलाला बरोबर घ्या. भुलीचा कागद दाखवायला सांगा: नळी घालताना बीपी कुठे गेलं, औषध दिल्यापासून बाळ निघेपर्यंत किती मिनिटं गेली. ऐकून समाधान झालं नाही तर तक्रारीचा हक्क तुमचा आहेच. माझ्या मते त्यांचं एक चुकलं. सह्या घेतल्या, पण बाहेर बसलेल्या माणसांना दोन वाक्यं सांगितली नाहीत: "बीपीसाठी एक औषध आधी द्यावं लागेल, त्यानं बाळ थोडं सुस्त येईल, त्यासाठी डॉक्टर तयार ठेवलेत." तेवढं सांगितलं असतं तर तुमचे हे अकरा दिवस असे गेले नसते. आमच्या व्यवसायातली ही खोड जुनी आहे आणि मला तिचं वाईट वाटतं. त्या कागदाची एक प्रत मात्र जपून ठेवा. पुढच्या खेपेला दिवस राहताच ती दाखवली तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून कमी डोसाची ॲस्पिरिन सुरू करायची का हे डॉक्टर ठरवू शकतील, आणि भूलतज्ज्ञांशीही आधीच बोलणं होईल.

दुखण्याच्या गोळ्या आजपासून परत द्या, कार्डावर लिहिल्या आहेत त्याच, तेवढ्याच. वेदनेनं बीपी चढतं, दूधही नीट उतरत नाही. पॅरासिटामॉल पाजताना चालतं. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन एरवी चालतात, पण तिच्या प्लेटलेट आणि किडनीचा रिपोर्ट पाहून डॉक्टरच सांगतील. भाच्याकडून किंवा घरातल्या डब्यातून ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेलं खोकल्याचं औषध मात्र देऊ नका. कोडीनचं शरीरात मॉर्फिन होतं, आणि काही बायकांमध्ये ते इतक्या वेगानं होतं की दुधातून बाळाला धोका पोचतो. तुमची अफूची भीती तिथे वापरा, तिथे ती कामाची आहे.

बीपीचा हा आजार बाळंतपणानंतरही सहा आठवड्यांपर्यंत पुन्हा उफाळू शकतो. घरी यंत्र असेल तर रोज मोजून वहीत लिहा. जोराचं डोकं दुखणं, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली उजवीकडे कळ, दम लागणं, यातलं काहीही झालं किंवा आकडा १६०/११० ला पोचला तर रात्र असो की पहाट, सरळ हॉस्पिटल गाठा.

आता दूध परत आणायचं. एवढ्या दिवसांत ते पुरतं आटत नाही, मागणी वाढली की वाढतं. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा लावा, रात्रीचं चुकवू नका. मधल्या वेळात मुलीला उघड्या अंगानं आईच्या छातीवर झोपवा. डबा एकदम बंद करू नका. आधी अंगावर, मग लागलंच तर वाटी-चमच्यानं वरचं, आणि दर दोन-तीन दिवसांनी वजन पाहत ते कमी करत जा. बाटली मात्र आजच उचलून ठेवा. दिवसाला सहा-सात लंगोट ओले होत असतील तर पोट भरतंय.

आज रात्री मुलगी उठली की डब्याकडे जाऊ नका, सूनबाईला उठवा. पाठीला दोन उशा द्या. टाक्यांवर भार येऊ नये म्हणून मुलीला तिच्या कुशीत, काखेखालून पाय मागे जातील अशी धरायला शिकवा, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं जमेल. पहिले दोन-तीन दिवस मुलगी चिडेल, लावत राहा. पंधरा दिवसांनी वजन किती भरलं ते मला कळवा.